घराची आकारणी : बदलते निकष आणि आकारणी करणाऱ्यावरील भार

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा विचार निघाला की प्रथम घरपट्टीचा उल्लेख होतो. शासनाकडून येणारा निधी कितीही वाढला, तरी गावाने ठरविलेला, गावाने भरलेला आणि गावातच खर्च होणारा पैसा म्हणून घरपट्टीचे स्थान वेगळे आहे. मात्र ही पट्टी बसविण्यापूर्वी प्रत्येक घराचे मूल्य कोणीतरी ठरवावे लागते. ते ठरविण्याची रीत गेल्या पंचवीस वर्षांत दोनदा मुळापासून बदलली. नियम बदलला की राजपत्रात चार पाने छापली जातात. गावात मात्र प्रत्येक उंबरठ्यावर पुन्हा टेप धरावी लागते. हे काम ज्याच्याकडे येते त्या ग्रामसेवकाच्या, म्हणजे २०२४ च्या निर्णयानंतरच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या, बाजूने हा विषय क्वचितच मांडला जातो. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात तो येथे मांडण्याचा विचार आहे.

यवतमाळ हा १३,५८२ चौरस किलोमीटर क्षेत्राचा, सोळा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार असून तीन चतुर्थांशांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. पण खेडे म्हणजे एकच एक प्रकार नव्हे. वणी परिसरात कोळसा खाणींच्या आश्रयाने वाढलेली, स्लॅबची घरे आणि भाड्याच्या खोल्या असलेली गावे आहेत. पुसद, दिग्रस, महागाव या बाजूंना बंजारा समाजाचे तांडे आहेत. केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडे कोलामांचे पोड आहेत. तेथे कुडाच्या भिंती, वर मातीचा लेप आणि गवताचे किंवा कवेलूचे छप्पर अजून आढळते. जुन्या गावठाणात हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींचे वाडे उभे आहेत, आणि त्यांच्याच पुढच्या अंगाला मुलाने घरकुल योजनेतून बांधलेली सिमेंटची खोली असते. या सर्वांना एकच नमुना लागू होतो : नमुना क्रमांक ८, अर्थात कर आकारणी नोंदवही.

नियमांचा प्रवास

वऱ्हाड-मध्यप्रांताच्या काळात या भागात १९४६ चा पंचायत कायदा लागू होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने सर्व विभागांसाठी एकच चौकट घालून दिली. त्या चौकटीला पंचायत समिती व जिल्हा परिषदेची जोड १ मे १९६२ रोजी मिळाली. ज्यांच्या समितीच्या शिफारशींवर ही रचना उभी राहिली ते वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील गहुलीचे, याचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. अधिनियमाच्या कलम १२४ ने पंचायतीला इमारती व जमिनी यांवर कर बसविण्याचा अधिकार दिला, आणि तो कसा बसवावा हे १९६० च्या कर व फी नियमांनी सांगितले.

मूळ नियमांत घराचे मूल्य हा आकारणीचा पाया होता. परंतु ज्या खेड्यात घर विकले जात नाही आणि भाड्यानेही दिले जात नाही, तेथे मूल्य ठरवायचे कशावरून? व्यवहारात ते अंदाजाने ठरे, आणि अंदाज म्हटला की ओळखपाळख, भाऊबंदकी, निवडणुकीतील बाजू या सर्व गोष्टी त्यात शिरत. १९९९ च्या सुधारणेने यावर सोपा उपाय काढला. घराचा प्रकार पाहावा, चौरस फूट मोजावेत आणि प्रकारानुसार ठरलेल्या दराने गुणावे. ग्रामसेवकाला ही पद्धत मानवली. एक टेप, एक तक्ता आणि एक गुणाकार एवढ्यावर काम भागत असे. दोष एवढाच की बाजारपेठेच्या रस्त्यावरचे घर आणि गावाच्या टोकाचे घर, परवा बांधलेले घर आणि तीस वर्षांपूर्वीचे घर यांत तिला फरक दिसत नव्हता. ही पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर शासनाने ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेद्वारे नियमांत सुधारणा करून भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आणली.

याचा अर्थ मूळच्या तत्त्वाकडे परत जाणे असा होतो. फरक इतकाच की मूल्य आता अंदाजाने न ठरता सूत्राने ठरते. घराच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या वार्षिक मूल्यदराने गुणावयाचे. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याच्या प्रमाणाने गुणावयाचे. दोहोंची बेरीज करून तिला वापराच्या भारांकाने गुणावयाचे. निवासी वापराचा भारांक १, औद्योगिक वापराचा १.२० व वाणिज्यिक वापराचा १.२५ असा आहे. जमिनीचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यातून, म्हणजे ज्याला सर्व जण रेडी रेकनर म्हणतात त्यातून, घ्यावयाचा. येणाऱ्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे, नियमांत दिलेल्या किमान व कमाल मर्यादेत राहून, पंचायतीने ठरविलेल्या दराने कर बसतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी करावयाची असते.

सूत्राचा एक अभ्यास

पंचायत सदस्यांनी हे सूत्र एकदा तरी स्वतःच्या हाताने सोडवून पाहणे इष्ट आहे. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक वेगळे असतात. समजा, एक स्लॅबचे घर ४० चौरस मीटरचे आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला ३०० रुपये, बांधकामाचा दर १२,००० रुपये, आणि घर पंधरा वर्षांचे असल्याने घसारा वजा जाता ८० टक्के मूल्य धरावयाचे आहे. जमिनीचे मूल्य झाले १२,००० रुपये. बांधकामाचे मूल्य झाले ३,८४,००० रुपये. एकूण ३,९६,०००. हजारी एक रुपया दर धरल्यास घरपट्टी ३९६ रुपये होईल.

या हिशेबातील जमिनीचा वाटा पाहण्यासारखा आहे. शहरात जमीन महाग असल्याने तिचाच भाग मोठा असतो. खेड्यात सुमारे ९७ टक्के मूल्य बांधकामाचे निघाले. म्हणजेच रेडी रेकनरचा दर दुप्पट झाला तरी या घराची पट्टी अवघ्या बारा रुपयांनी वाढेल. उलट, घर नवे आहे असे समजून घसारा धरलाच नाही तर मूल्य ४,९२,००० होऊन पट्टी ४९२ वर जाईल. गावातील बहुतेक चर्चा रेडी रेकनरभोवती फिरते. खरा फरक घराचे वय आणि बांधकामाचा प्रकार या दोन रकान्यांत पडतो. हे दोन्ही रकाने भरणारी व्यक्ती कोणत्याही तक्त्यातून ते उचलू शकत नाही. ते तिला जागेवर जाऊनच भरावे लागतात.

वापराच्या भारांकाचेही तसेच आहे. याच घराच्या ओसरीत दहा चौरस मीटर जागेत किराणा दुकान आहे असे समजा. संपूर्ण घरच वाणिज्यिक धरले तर पट्टी ४९५ रुपये होईल. दुकानाचा भाग तेवढाच वेगळा मोजला तर ती होईल सुमारे ४२१ रुपये. चौऱ्याहत्तर रुपयांचा हा फरक ओसरीला स्वतंत्र टेप लावली की नाही एवढ्यावरून पडतो. ज्यांच्या हाती वेळ कमी असतो ते साहजिकच एका ओळीत नोंद उरकतात.

घराचे वय सांगणार कोण?

शहरात बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला यांवरून इमारतीचे वय कळते. खेड्यात जुन्या घरांना असा कागद सहसा नसतो. घरमालक वय वाढवून सांगतो, कारण त्यात त्याचे हित आहे. शेजारी कमी सांगतो, कारण त्याला तसे वाटते. अनुभवी ग्रामसेवक यावर आपापले मार्ग काढतात. घरकुल मंजुरीचे वर्ष, वीजजोडणीचे पहिले देयक, मागच्या फेरआकारणीच्या नमुना ८ मधील नोंद आणि अखेरीस गावातील जाणत्या माणसाची साक्ष : कोणत्या पुराच्या आधी घर बांधले, घरातले कोणते लग्न नव्या घरात झाले, असे विचारीत वर्ष शोधावे लागते. हे काम जवळपास इतिहाससंशोधकाचे आहे, आणि ते तीन-चारशे घरांसाठी करावयाचे आहे.

त्यात घर एकजिनसी नसते. पुढे स्लॅब, मध्ये विटा-मातीच्या भिंतींवर टिनाची पत्रे, मागे कुडाचा गुरांचा कोठा, असे एकाच उंबरठ्याआड तीन प्रकार असतात, आणि तिघांची वये वेगळी असतात. १९९९ च्या पद्धतीत एका घरासाठी फार तर तीन गुणाकार होते. आता प्रत्येक भागासाठी क्षेत्रफळ, दर, वय, घसारा आणि वापर असे पाच तपशील लागतात. चारशे घरांच्या गावात प्रत्येक घराचे सरासरी तीन भाग धरले तर सहा हजार नोंदी होतात. गट ग्रामपंचायत असेल तर मूळ गावाखेरीज दोन-तीन पोड अथवा तांडे असतात, आणि पावसाळ्यात तेथे पोहोचणे हेच एक काम असते. जन्म-मृत्यूची नोंद, पाणीपुरवठा, रोजगार हमी, ग्रामसभा आणि २०११ च्या लेखासंहितेतील तेहतीस नमुने हे सर्व सांभाळून ही आकारणी करावयाची आहे. संग्राम व नंतरच्या आपले सरकार सेवा केंद्रामुळे गुणाकार संगणक करतो हे खरे. पण संगणकाला भरवावयाचा घास शेवटी टेपनेच मोजावा लागतो.

नियम सारखे बदलणे त्रासाचे आहे, म्हणून ते बदलूच नयेत असे मात्र कोणी म्हणू नये. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्ससाठी घरांची वर्गवारी अद्याप १९९१ च्या किमतींवरच चालते, आणि ती बदलण्याचे धाडस कोणत्याही सरकारला झालेले नाही. जर्मनीत १९६४ च्या, आणि पूर्वेकडील भागात तर १९३५ च्या, मूल्यांवर कर आकारला जात असे. तेथील संविधान न्यायालयाने २०१८ मध्ये तो घटनाबाह्य ठरविल्यावर साडेतीन कोटींहून अधिक मालमत्तांचे मूल्य एकदम नव्याने ठरवावे लागले आणि नवी आकारणी २०२५ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे मुंबई महानगरपालिकेने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली, तरी तिच्या काही नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बोट ठेवले. ज्या कामात महानगराच्या स्वतंत्र करनिर्धारण खात्याचीही वाट न्यायालयातून गेली, ते काम खेड्यात एकटा माणूस इतर वीस कामांबरोबर करतो, हे पंचायत समितीत आढावा घेताना ध्यानात असावे.

एकच घर, तीन व्याख्या

आकारणी करणाऱ्याची अडचण घरपट्टीपाशी संपत नाही. त्याच घराकडे शासनाचे आणखी दोन विभाग आपापल्या दृष्टीने पाहतात, आणि पाहण्यासाठी पाठवितात ते बहुधा त्याच माणसाला.

पहिला विभाग घरकुलांचा. इंदिरा आवास योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणपर्यंत पात्रतेचा आधार वेळोवेळी बदलत आला. सध्याच्या योजनेत प्रथम २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणातील माहिती आधाराला होती. त्यातून राहिलेल्यांसाठी २०१८ मध्ये आवास प्लस सर्वेक्षण झाले. पुढे २०२४ मध्ये नवे ॲप आले, अपात्रतेचे निकष तेरावरून दहावर आले, आणि दुचाकी असणे हे अपात्रतेचे कारण उरले नाही. भिंत कच्ची की पक्की, छप्पर कच्चे की पक्के, खोल्या किती, हे या सर्वेक्षणात पाहिले जाते. घराचे वय किंवा किंमत यांच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरा विभाग आपत्ती व्यवस्थापनाचा, आणि येथे प्रश्न अधिक गंभीर होतो. जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली. पाणी ओसरल्यावर सुरू होते ती पंचनाम्यांची धावपळ. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी खात्याचे कर्मचारी यांनी घरोघर जाऊन किती नुकसान झाले हे लिहावयाचे असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकषही काळानुसार बदलले आहेत. २०१५ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट भागात ९५,१०० रुपये होते. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांत ते १,२०,००० झाले. अंशतः पडझडीसाठी पक्क्या घरास ५,२०० ऐवजी ६,५०० व कच्च्या घरास ३,२०० ऐवजी ४,००० रुपये ठरले, परंतु नुकसान किमान १५ टक्के असले पाहिजे. झोपडीसाठी ४,१०० चे ८,००० झाले.

येथे दोन शब्दांवर थांबणे आवश्यक आहे. पहिला ‘पंधरा टक्के’. चार भिंतींपैकी एक भिंत अर्धी खचली, कवेलू विखुरले, पण आढे शाबूत आहे : हे नुकसान चौदा टक्के की सोळा? अभियंता सोबत असेल तर उत्तर निघते. नसेल तर पंचनामा लिहिणाऱ्याच्या विवेकावर सर्व भार पडतो, आणि तो भिजलेल्या संसारासमोर उभा राहून लिहावयाचा असतो. दुसरा शब्द ‘झोपडी’. या निकषांत झोपडी म्हणजे कच्च्या घराहूनही हलके, गवत, माती, प्लास्टिक इत्यादींचे तात्पुरते निवासस्थान. कच्चे घर पूर्ण पडल्यास १,२०,००० रुपये आणि झोपडी पडल्यास ८,०००, एवढे अंतर या एका शब्दात आहे. शिवाय पडलेले घर अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करणे अपेक्षित असते, आणि अशा वेळी सर्वप्रथम उघडला जातो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८.

आता नमुना ८ मधील वर्गवारी पाहा. कराच्या तक्त्यात ‘झोपडी किंवा मातीची इमारत’ असा सर्वांत कमी दराचा वर्ग आहे. मातीच्या भिंतींचे मजबूत, चार खोल्यांचे घरही त्यात बसते. वर्षाचे शंभर-दीडशे रुपये वाचावेत म्हणून घरमालक आपले घर याच वर्गात राहावे असा आग्रह धरतो, आणि आकारणी करणारा वाद नको म्हणून ते मान्य करतो. पुढे पूर आला की तीच नोंद त्याच्या समोर येते. कराच्या वेळी कच्चे, घरकुलाच्या वेळीही कच्चे, पण पंचनाम्याच्या वेळी निदान ‘झोपडी नव्हे’ असे घर हवे, असा हा पेच आहे. यावर सर्वांत स्वस्त उपाय नमुना ८ च्या शेरा रकान्यात आहे. भिंतीचा प्रकार, छताचा प्रकार आणि खोल्यांची संख्या या तीन गोष्टी तेथे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवाव्यात. ‘भिंती मातीच्या, पक्का पाया, छत टिनाचे, खोल्या चार’ एवढे लिहावयास अर्धा मिनिट लागतो. कराचा वर्ग त्यामुळे बदलत नाही, परंतु पंचनामा लिहिणाऱ्यास आधार मिळतो.

आकाशातून मोजणी

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेमुळे गावठाणातील मालमत्तांची ड्रोनद्वारे मोजणी होऊ लागली आहे. महाराष्ट्रात हा प्रयोग त्याआधीच पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे करून पाहण्यात आला होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन उडण्यापूर्वी गावकऱ्यांनी आपापल्या हद्दी चुन्याने आखावयाच्या, मग नकाशा, चौकशी आणि शेवटी मिळकत पत्रिका, असा हा क्रम आहे. क्षेत्रफळाचा वाद यामुळे बराच मिटेल. तथापि वरून दिसते ते छप्पर. त्याखालची भिंत मातीची की विटांची, घर दहा वर्षांचे की चाळीस, हे ड्रोनला दिसत नाही. वळचणीसह छपराचे क्षेत्र आणि भिंतींमधले क्षेत्र यांतही फरक असतो. सूत्रातील एक तपशील त्यामुळे पक्का होईल; उरलेले तपशील जुन्याच हातांनी भरावे लागतील. तसेच ही मोजणी गावठाणाची आहे. गावठाणाबाहेर शासकीय जमिनीवर वसलेल्या अनेक घरांचा प्रश्न तिने सुटत नाही, आणि या जिल्ह्यात अशा वस्त्या थोड्या नाहीत.

नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे, तो कराचा कागद आहे, हे शिक्षकांनी व सदस्यांनी लोकांना वारंवार सांगण्याजोगे आहे. तरीही व्यवहारात घराविषयीचा दुसरा कागद अनेकांपाशी नसतो, म्हणून त्यावर नाव कोणाचे आहे याला मोठे महत्त्व येते. घराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे घ्यावीत असा शासनाचा निर्णय २००३ मध्येच झाला आहे. कर्ता पुरुष गेल्यानंतर घरातील स्त्रीला आपल्याच घरावर हक्क सांगण्यासाठी हेलपाटे घालावे लागल्याची उदाहरणे शेतकऱ्यांच्या दुर्दैवी मृत्यूंनी पोळलेल्या या जिल्ह्याला नवी नाहीत. फेरआकारणीसाठी घरोघर जावयाचेच असते. त्याच फेरीत दुसरे नाव विचारून घेण्यास वेगळा आदेश लागत नाही. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना २०२० च्या योजनेनुसार मालमत्ताकरात मिळणारी सूटही त्याच वेळी तपासून घेता येते.

आकारणीची यादी तयार झाली की ती प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, आणि निर्णय न पटल्यास पंचायत समितीकडे अपील करता येते. लोक हरकत घेत नाहीत, मागणीचे बिल हाती आल्यावर मात्र तक्रार करतात. त्या वेळी नोंद बदलणे अवघड होते. सदस्यांनी तर स्वतःच्या घराची नोंद प्रथम पाहावी, कारण बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ अन्वये अपात्र ठरू शकतो. ‘आकारणीच चुकीची होती’ हे म्हणणे मुदतीत हरकत न घेतलेल्याच्या तोंडी फारसे टिकत नाही.

वेळेचा मुद्दा राहिला. दिवाळीनंतर तांड्या-पोडांवरील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला किंवा शहरांत मजुरीला जातात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत जी गावात असतात तीही दिवसभर शेतात असतात. कार्यालयीन सोयीनुसार मोजणी हिवाळ्यात ठेवली तर निम्म्या दारांना कुलूप आढळते. ती पोळा ते दसरा या दरम्यान, सकाळी लवकर, पोडातील एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन केल्यास घर उघडे मिळते आणि सांगणारेही भेटतात. एरवी बंद घराची आकारणी मागच्या पानावरून जशीच्या तशी उतरविली जाते, आणि ते पान पुढील चार वर्षे कायम राहते.